‘उद्या’चं वावडं

आमच्या मॅडमसमोर ‘उद्या’ म्हणायची चोरी होती. ‘परवा’ म्हटलं तर मग विचारूच नका.

हे मला कळलं ते नोकरीच्या पहिल्याच दिवशी. जळगावच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन म्हणून लागले होते. मॅडम तिथल्या जंतुविभागाच्या डॉक्टर. सकाळी खिडकीशी एक आबा आले. मुक्ताईनगरकडचे, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. बायको वरती ॲडमिट, रक्ताचा रिपोर्ट कधी मिळेल म्हणून विचारत होते. मी कागद बघितला आणि सांगून टाकलं, “परवा या, आबा.”

मागून आवाज आला, “परवा? बाहेर ये जरा.”

मॅडमनी मला हाताला धरून बाहेरच्या बाकावर आबांच्या शेजारी नेऊन बसवलं. म्हणाल्या, “एक तास इथं बसायचं. घड्याळ बघायचं नाही, मोबाईल बघायचा नाही. तास कसा गेला ते मला आत येऊन सांगायचं.”

मला वाटलं, पहिल्याच दिवशी नोकरी गेली. बसले. पांढऱ्या कपड्यातलं कुणीही दारातून बाहेर आलं की आबा उठून उभे राहायचे. तो माणूस निघून गेला की परत बसायचे. असे किती वेळा उठले असतील! मधेच त्यांनी पिशवीतून एक केळं काढलं, अर्धं मोडून मला दिलं. “खाय बेटा. तुह्यं कोन हाय आत?” मी केळं तोंडात कोंबलं.

तासाभरानं मॅडमनी हाक मारली, आत गेले. मॅडम सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता म्हणाल्या, “कसा गेला?”

“नाही गेला, मॅडम.”

“हं. आता परवा म्हणजे किती, ते कळलं. लाग कामाला.”

नंतर त्या स्वतः आबांशेजारी जाऊन बसल्या. “आबा, हे शेतासारखं असतं बघा. तुमच्या घरच्यांच्या रक्तात जंतू असला तर आधी तो उगवावा लागतो. उगवला की त्याच्या वावरात आम्ही वेगवेगळ्या औषधांच्या टिकल्या ठेवतो. ज्या टिकलीभोवती काही उगवत नाही, ते औषध लागू. जिच्या अंगावर चढून उगवतो, ते वाया.”

आबा विचार करून म्हणाले, “म्हंजे तणनाशकच म्हना की.”

मॅडम इतक्या खूश झाल्या की दिवसभर येईल त्याला सांगत सुटल्या, “तणनाशक! सात वर्षं शिकवलं पोरांना, असा शब्द नाही सुचला मला.”

आबांना मी ‘परवा’ सांगितलं त्यात तशी माझी चूक काहीच नव्हती. कामाची रीतच ती होती. रक्ताची बाटली उबदार मशीनमध्ये ठेवायची. आत जंतू वाढला की मशीन वाजतं. मग त्यातला थेंब जंतूंचं खाद्य घातलेल्या ताटलीवर पसरून रात्रभर वाढवायचा. दुसऱ्या दिवशी त्या वाढलेल्या जंतूवर टिकल्या ठेवायच्या, पुन्हा रात्रभर. तिसऱ्या दिवशी टिकलीभोवतीची मोकळी वर्तुळं मोजायची. तोवर वरचे डॉक्टर अंदाजानं औषध देत असतात. बहुतेकदा अंदाज बरोबर निघतो. निघत नाही तेव्हा पेशंटकडे तेवढे दिवस नसतात. मॅडमना खुपायचं ते हेच.

दिसायला त्या एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापिका वाटायच्या. कडक इस्त्रीची कॉटनची साडी, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, आणि साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज. कारण रिपोर्ट कागदावर पाठवून त्यांचं समाधान व्हायचं नाही. आधी वॉर्डला फोन करायच्या. फोन दोनदा वाजून उचलला नाही की शूज कामाला लागायचे. लिफ्टची वाट बघणं त्यांना मंजूर नव्हतं. तीन जिने चढून धापा टाकत त्या वॉर्डात पोचायच्या आणि सिस्टरच्या हातात चिठ्ठी ठेवून, “वाच मोठ्यानं,” म्हणायच्या. तिनं मोठ्यानं वाचलं, की खाली.

एवढी घाई असलेली बाई स्कूटर मात्र अशी चालवायची की सायकलवाले पुढे जायचे. मी नशिराबादहून शेअर रिक्षानं यायची. अजिंठा चौफुलीला उतरले की कधी कधी मॅडम दिसायच्या. मागे हॉर्नचा गोंगाट, आणि या डावा हात लांब करून, मान वळवून, अख्ख्या चौकाला सांगत वळताहेत. एकदा मी मागे बसले तर चालत गेले असते तर बरं, असं झालं. तसं म्हटलंही. तर म्हणाल्या, “घाई बाटलीची असते गं, रस्त्याची नसते.”

घाईचं कारण मी त्यांना बऱ्याचदा विचारलं. दर वेळी उत्तर वेगळं. एकदा म्हणाल्या, “मी सातव्या महिन्यातच जन्मले. तेव्हापासूनची सवय.” दुसऱ्यांदा म्हणाल्या, “धुळ्याची एस्टी तीनदा चुकली माझी, चौथ्यांदा ठरवलं.” तिसऱ्यांदा माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, “तुला कारण हवंय की ताटल्या लावायच्यात?” मग मी विचारायचं सोडलं.

जंतूंशी त्यांचं नातं घरोब्याचं. ई. कोलाय हा त्यांचा भाचा. “पोटात राहतो तोवर गुणी. घर सोडून रक्तात शिरला की बिघडतो.” क्लेबसिएला ताटलीवर चिकट, ओघळत वाढतो. ती लग्नघरातली मावशी, “बसली की पसरली.” सूक्ष्मदर्शकाखाली स्टॅफिलोकॉकसचे घड दिसले की, “द्राक्षं आली गं,” म्हणून मला हाक मारायच्या. आणि खरोखर आनंद झाला की त्यांची प्रमाण मराठी गळून पडायची आणि धुळ्याकडची अहिराणी वर यायची. “देख, देख ना व माय! कसं बठ्ठं साफ शे!” म्हणजे सगळं साफ आहे; टिकलीभोवतीचं वर्तुळ मोठं आलं, औषध लागू पडणार.

त्यांच्या डोक्यात जे होतं ते काही त्यांनी शोधलेलं नव्हतं. बाहेर काही ठिकाणी ते सुरू झालं होतं आणि त्या वाचत असायच्या. मशीन वाजलं की रात्रभर थांबायचंच नाही. बाटलीतलं रक्त मोजून घेऊन थेट ताटलीवर पसरायचं, त्यावर टिकल्या, आणि वर्तुळं मोजायची चार तासांनी, सहा तासांनी, आठ तासांनी. नवं यंत्र नको, नवी खोली नको. हवी ती फक्त शिस्त. चार तासांत वाढ अगदी पुसट असते, काचेवर श्वास सोडल्यासारखी. ती वाचायला डोळा तयार हवा. शिवाय प्रत्येक जंतूचे त्या त्या तासाचे आकडे वेगळे. जात कोणती ते ओळखायच्या छोट्या चाचण्याही त्याच बाटलीतून लावायच्या.

माझ्या अब्बांचं नशिराबादला शिलाईचं दुकान. मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी मला पट्टी दिली आणि एका ताटलीतली सगळी वर्तुळं मोजायला लावली. मग त्याच ताटलीवर स्वतः मोजली. एका मिलिमीटरचाही फरक नाही. “टेलरची पोर ती,” त्या म्हणाल्या. “डोळा मापाचा शे तुझा. आता मोजायचं तू.”

असं ते आमचं सुरू झालं. पण मॅडमची अट होती: आधी आपण आपली परीक्षा द्यायची. कित्येक महिने प्रत्येक बाटलीचं काम दोनदा. एकदा नव्या रीतीनं, एकदा जुन्या. रिपोर्ट जायचा तो जुन्याचाच.

आणि मग ती पाकिटं.

आयसीयू बघणारे एक मोठे सर होते. शिस्तीचे, हुशार, पण नव्या गोष्टीवर पटकन विश्वास न ठेवणारे. “चार तासांचा रिपोर्ट?” ते म्हणाले होते. “चार तासांत माझ्या घरी बट्टी होत नाही, वरण गार होतं. जंतू काय वाढणार?” मॅडम वाद घालत बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सरांच्या टेबलावर एक बंद पाकीट पाठवायला सुरुवात केली. आत आमचं सहा तासांचं वाचन. वर लिहिलेलं: “नेहमीचा रिपोर्ट हातात आल्यावरच उघडावे आणि ताडून पाहावे.” सर सुरुवातीला वैतागले. मग उघडू लागले. मग ताडू लागले. मग आठ दिवसांनी त्यांचा माणूस खाली आला, “सर विचारतात, आज पाकीट नाही आलं का?”

याच काळात माझ्या हातून चूक झाली. सहा तासांना मी एका औषधाभोवती एकोणीस मिलिमीटर लिहिलं होतं. म्हणजे औषध लागू. जुन्या रीतीचा निकाल आला तर चौदा. म्हणजे औषध वाया. उलटा रिपोर्ट! वही समोर, पेन हातात. नऊचा चार करायला कितीसा वेळ लागतो? त्या दिवशीचं पाकीट वर पाठवायचं राहून गेलं होतं, ते अजून माझ्याच टेबलावर होतं. मी दोन मिनिटं नुसती त्या आकड्याकडे बघत राहिले. मग उठून मॅडमकडे गेले.

“मॅडम, चुकलं.”

मला वाटलं होतं आता बाकावर बसवतील. तर त्यांचा चेहरा उजळला. “सापडली? कुठं? दाखव, दाखव!”

त्यांनी आधी कॅन्टीनला फोन करून गरम जिलेबी मागवली आणि मग वही हातात घेतली. आम्ही सगळा प्रकार पुन्हा पहिल्यापासून करून बघितला. शेवटी सापडलं: गडबडीच्या सकाळी मी रक्त मोजून न घेता अंदाजानं घेतलं होतं. कमी पडलं, वाढ विरळ झाली, वर्तुळ फसवं मोठं आलं. मॅडम म्हणाल्या, “डोळा मापाचा, पण हात अंदाजाचा. आजपासून हातही मापाचा.” आणि माझ्यापुढे जिलेबीची प्लेट सरकवली. “खा. ही चूक आपल्याला पाकिटात सापडली म्हणून जिलेबी. वॉर्डात सापडली असती तर रडलो असतो दोघी.”

तेव्हापासून तो रिवाजच झाला. बरोबर आलं तर काही नाही. चूक सापडली की जिलेबी. इतर विभागांतले लोक जिलेबीचा वास आला की विचारायचे, “आज काय चुकलं?”

मॅडम चिडलेल्या मी एकदाच पाहिल्या. एका पेशंटचा नेहमीचा रिपोर्ट अजून आमच्याच टेबलावर होता, आणि वरून कळलं की सरांनी सकाळीच औषध बदललं. बरोब्बर आमच्या वाचनाप्रमाणे. मॅडम तीन जिने चढल्या. मी मागोमाग.

“सर, पाकीट फोडलंत ना?”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “अं… म्हणजे, चुकून…”

“चुकून पाकीट फुटत नाही. आमची परीक्षा अजून चालू आहे. माझाच अजून माझ्यावर विश्वास बसला नाही, तुमचा कसा बसला?”

एवढा मोठा माणूस शाळेतल्या पोरासारखा उभा. जिना उतरताना मॅडम पुटपुटत होत्या. पहिल्या मजल्यापर्यंत रागानं. तळमजल्यावर आलो तोवर त्यांना हसू आवरेना. “फोडलं ना गं त्यांनी! राहवलं नाही त्यांना!” कठड्याला धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

परीक्षा संपली. आकडे जुळले, न जुळणारे का जुळत नाहीत ते कळलं, हॉस्पिटलनं परवानगी दिली आणि आमचे सहा तासांचे रिपोर्ट उघड्या कागदावर वर जाऊ लागले.

आता मॅडम निवृत्त होऊन धुळ्याला भावाकडे असतात. असतात म्हणजे झोपायला. दिवसभर तिथल्या एका छोट्या हॉस्पिटलच्या एका खोलीच्या लॅबमध्ये हेच शिकवत असतात. परवा फोन आला, “इथली पोरं फार गुणी शेत. आतापर्यंत तीनदा जिलेबी झाली.” इकडे जळगावची वही आता माझ्याकडे आहे. पण मॅडमची आठवण म्हटली की मला आठवतो तो एक सोमवार आणि त्यानंतरचे दहा-बारा दिवस.

पाचोऱ्याकडच्या एका खेड्यातली बाळंतीण. पहिलटकरीण, मुलगी झालेली. घरी गेल्यावर ताप चढला, तो उतरेना. आमच्याकडे आणली तेव्हा रक्तदाब खाली, लघवी कमी. रविवारी रक्ताच्या बाटल्या आल्या. सोमवारी सकाळी साडेसातला मशीन वाजलं. मॅडम त्या दिवशी माझ्याही आधी हजर होत्या. काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली: लाल काड्यांसारखे जंतू. मॅडमचा भाचा असणार, किंवा मावशी. लगेच वर फोन. सरांनी चालू होतं ते औषध सोडून त्याच्या वरचं सुरू केलं. आठच्या आत आमची ताटली उबेच्या कपाटात गेली.

प्रश्न असा होता. आमच्याकडे अधूनमधून या दुसऱ्या औषधालाही न जुमानणारे जंतू यायचे. तसं असेल तर उरतं तिसरं औषध, आणि ते किडनीवर फार जड. या मुलीच्या किडन्या आधीच दमलेल्या. द्यावं तर धोका, न द्यावं तर धोका.

बारा वाजता सर स्वतः खाली आले. लॅबमध्ये त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं. ताप तसाच होता. “चार तास झाले,” ते म्हणाले. “सांगा.”

मी ताटली उजेडात धरली. पहिल्या औषधाच्या टिकलीला जंतू जाऊन भिडला होता. ते वाया होतं, यात शंका नव्हती. पण दुसऱ्या औषधाभोवतीचं वर्तुळ मोजलं तर आकडा नेमका मधला. इकडचा म्हणता येईना, तिकडचा म्हणता येईना. वाढही पुसट. मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी स्वतः मोजलं. दोनदा मोजलं. ताटली परत उबेत ठेवली.

“पहिलं बंद केलंत ते बरोबर केलंत,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याचं आत्ता सांगता येत नाही.”

“अंदाज?”

“नाही.”

“मॅडम, तुम्हीच म्हणायच्या ना, वेळ नसतो म्हणून? वरती मुलगी आहे सतरा-अठरा दिवसांची, आणि तिची आई… जड औषध सुरू करू की नको, एवढंच सांगा. काहीतरी सांगा.”

मॅडमचा चेहरा मी इतका पांढरा कधी पाहिला नव्हता. पण आवाज हलला नाही. “काहीतरी सांगायचं असतं तर मी हे सगळं सुरूच केलं नसतं, सर. मधल्या वेळात काय द्यायचं तो निर्णय तुमचा, तो तुम्ही माझ्यापेक्षा चांगला घ्याल. मी दोन वाजता सांगेन. दोनच्या आधी एक मिनिटही नाही.”

सर भिंतीशी उभे राहिले. मग स्टूल ओढून बसले. “थांबतो दोन तास. चालू आहे तेच देतो तोवर.” थोड्या वेळानं वरून फोन आला म्हणून गेले.

ते दोन तास आम्ही इतर बाटल्या लावल्या. मॅडमनी डबा उघडला, कळण्याच्या भाकरीचा एक घास घेतला आणि डबा मिटला. एकदाही त्यांनी उबेचं दार उघडलं नाही. मी उघडायला गेले तर म्हणाल्या, “बघून ते लवकर वाढत नाही गं.”

दोन वाजता सर परत दारात होते. मी ताटली काढून काळ्या कागदावर धरली. आता वाढ दाट होती, कापडाच्या विणीसारखी, आणि दुसऱ्या औषधाभोवती असं स्वच्छ, गोल, काळंभोर मोकळं मैदान की पट्टी लावायच्या आधीच कळत होतं. तरी मी लावली. आकडा सांगितला. मॅडमनी मोजलं. सरांनीही वाकून बघितलं.

“बठ्ठं साफ शे!” मॅडम ओरडल्या. “लागू शे, सर! हेच चालू ठेवा. ते जड औषध नको तिला!”

सरांनी मॅडमना चक्क हात जोडले आणि निघाले. मी मागे पळत जाऊन बघितलं तर लिफ्ट सोडून जिन्यानं चालले होते. एकावेळी दोन दोन पायऱ्या.

ताप उतरायला आणखी दोन दिवस लागले. मग लघवी सुधारली. मग ती जेवू लागली. या सगळ्या बातम्या मॅडम रोज सकाळी वरून घेऊन यायच्या. दारातूनच बघून यायच्या, आत जायच्या नाहीत. “आपलं काय काम आत?” म्हणायच्या.

ती घरी जाणार त्या दिवशी मात्र मला घेऊन गेल्या. वॉर्डाबाहेर तिची सासू बर्फी वाटत होती. नात झाल्याची बर्फी राहून गेली होती, ती आता. सिस्टर, वॉर्डबॉय, शेजारच्या पेशंटचे लोक, सगळ्यांना हातात बर्फी. मोठ्या सरांच्या तर पाया पडली. मग भिंतीशी उभ्या आम्ही दोघी दिसलो. मॅडमच्या अंगावर त्या दिवशी पांढरा कोटही नव्हता.

“तुमनं कोण शे आठे?” म्हातारीनं विचारलं, इथं तुमचं कोण आहे म्हणून.

“मनं कोणी नही, माय,” मॅडम म्हणाल्या. “मी आठेच ऱ्हास. खाले बाटल्या देखस.” इथंच असते, खाली बाटल्या बघते, एवढंच.

म्हातारीनं त्यांच्याकडे आपादमस्तक बघितलं. बाटल्या धुणारी बाई समजली असावी. “मंग तुम्ही दोन घ्या बहिन,” असं म्हणून तिनं त्यांच्या हातावर दोन बर्फ्या ठेवल्या. “दिनभर उभं ऱ्हावं लागत व्हई.”

मी सांगायला तोंड उघडलं. मॅडमनी माझा हात असा दाबला की बांगड्या रुतल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र जो आनंद होता, तो मी कुठल्याही ताटलीपुढे पाहिला नव्हता. दोन्ही बर्फ्या त्यांनी तिथंच, उभ्या उभ्या खाल्ल्या. मला एकही दिली नाही.

मग ती मुलगी बाहेर आली. व्हीलचेअर आणली होती, ती नको म्हणाली. बाळ नवऱ्याच्या हातांवर. नवीन हिरवं लुगडं सावरत, एका हातानं भिंत धरत, ती हळूहळू चालू लागली. अर्ध्या वाटेवर तिनं भिंतही सोडली. मॅडम बघत होत्या, मी बघत होते. लॅबमध्ये एवढी वर्षं काढली, एवढं रक्त हाताळलं. बाटलीवर नाव असतं, वय असतं, बेड नंबर असतो. आमच्या बाटलीवरचं एक नाव आपल्या पायांनी चालत घरी जाताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.